ऑटो कोनिग्सबर्गर यांना नियोजनकाराने कशासाठी आठवावे

नगररचनेच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले आहे की, भुवनेश्वरचा आराखडा करणारे म्हणून पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकले जाणारे ऑटो कोनिग्सबर्गर नेमके कोण होते, भारत सोडल्यानंतर त्यांनी काय केले, आणि आज नगरपालिकेत किंवा परदेशातील एखाद्या विकास प्रकल्पात काम करणाऱ्याला त्यांच्या आयुष्यातून काय घेता येईल. मी तीस वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांच्या विकास आराखड्यांवर काम केले आहे आणि या माणसाने माझी कामाची पद्धत बदलली आहे, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

थोडक्यात सांगायचे तर, ज्या शहरासाठी आराखडा करायचा त्या शहराच्या प्रशासनाची ताकद, तिजोरीतला पैसा आणि हातात असलेला वेळ यांत तो बसतो की नाही, हा प्रश्न त्यांनी कागदावरच्या रेषेआधी विचारायला शिकवले. हे शहाणपण त्यांना दिल्लीत सर्वांसमोर आलेल्या अपयशातून मिळाले आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे त्यांनी ते आफ्रिका आणि आशियातील देशांच्या कामी लावले.

कोनिग्सबर्गर यांचा जन्म १९०८ मध्ये बर्लिनमध्ये झाला. तिथल्या तंत्रविद्यापीठात हान्स पोल्त्सिग यांच्यासारख्या शिक्षकांच्या हाताखाली ते वास्तुशास्त्र शिकले. १९३३ मध्ये त्यांना वास्तुकलेसाठीचे शिंकेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी, ज्यू असल्यामुळे, नाझी राजवटीत त्यांची सरकारी नोकरी गेली. त्यानंतरची काही वर्षे ते कैरोमध्ये लुडविग बोर्खार्ट यांच्या संस्थेत प्राचीन इजिप्तच्या बांधकामांचा अभ्यास करत होते. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न हे त्यांचे मामा. बोर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यात सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरला राहून गेले होते आणि त्या ओळखीतून म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्याकडे आपल्या भाच्याची वाट मोकळी झाली. १९३९ मध्ये कोनिग्सबर्गर म्हैसूर संस्थानात सरकारी वास्तुविशारद म्हणून रुजू झाले.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विमानशास्त्र विभागाची आणि इतर काही इमारतींची कामे केली. त्या पाहायला मिळाल्या तर आधी भिंतींकडे आणि खिडक्यांवरच्या छज्ज्यांकडे पाहावे. ऊन आत येऊ नये पण वारा अडू नये, यासाठी छज्जा किती बाहेर काढायचा, व्हरांडा कोणत्या बाजूला घ्यायचा, जाळी कुठे लावायची, याचा हिशेब त्यांत दिसतो. युरोपातून आधुनिक वास्तुकला घेऊन आलेल्या अनेकांनी काचेच्या भिंती इकडे आणल्या. यांनी इथल्या उन्हाची आणि पावसाची नोंद ठेवायला सुरुवात केली. टाटांसाठी त्यांनी १९४४-४५ च्या सुमारास जमशेदपूरचा विकास आराखडा केला. मुंबईत १९४६ मध्ये मुल्कराज आनंद यांनी सुरू केलेल्या ‘मार्ग’ या नियतकालिकातही ते लिहीत असत. त्याच सुमारास मुंबई महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक आणि अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा तयार करत होते. ती १९४८ मध्ये आली. मोडकसागर तलावाचे नाव त्यांच्यावरून आहे, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसते. देश स्वतंत्र होत होता आणि नवी शहरे कशी असावीत याचा विचार करणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यांत कोनिग्सबर्गर होते.

फाळणीनंतर त्यांचे काम एकदम वेगळ्या वजनाचे झाले. १९४८ मध्ये केंद्र सरकारने त्यांना गृहनिर्माण संचालक नेमले. हे पद आरोग्य मंत्रालयात होते आणि राजकुमारी अमृत कौर त्या खात्याच्या मंत्री होत्या. लाखो निर्वासितांना डोक्यावर छप्पर हवे होते. सिंधमधून आलेली जी कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावण्यांत उतरली आणि त्यातून उल्हासनगर उभे राहिले, त्यांच्याच भाऊबंदांसाठी कच्छमध्ये गांधीधाम वसत होते. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्यांसाठी फरीदाबाद आखले जात होते. या आणि अशा अनेक नव्या गावांच्या आखणीशी कोनिग्सबर्गर यांचा संबंध आला. फरीदाबादमध्ये निर्वासितांनी सहकारी पद्धतीने संघटित होऊन स्वतःच बांधकामावर काम केले, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या विचारांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भुवनेश्वरचा त्यांचा आराखडा १९४८ चा. त्यांनी शहर छोट्या वसाहतींत विभागले. प्रत्येकीत शाळा, बाजार, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर ठेवला आणि रस्त्यांचे सात प्रकार ठरवले. त्यांत पायवाट आणि सायकलमार्ग हे स्वतंत्र प्रकार होते, मोटारीच्या रस्त्याच्या कडेला उरलेली पट्टी नव्हे. त्या वसाहतींना तिथले लोक आजही ‘युनिट’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली आहे आणि मूळ आराखड्याच्या बाहेर जे वाढले त्याला त्या सात रस्त्यांचा स्पर्शही झालेला नाही. तरी पाठ्यपुस्तके इथेच थांबतात, याची मला खंत वाटते, कारण खरी कथा याच्या पुढे सुरू होते.

दिल्लीत सरकारने घरे तयार करण्याचा कारखाना काढला. कल्पना अशी होती की भिंतींचे मोठे फलक कारखान्यात ओतायचे, ट्रकमधून जागेवर न्यायचे आणि जोडून घर उभे करायचे. घरांची गरज प्रचंड आणि वेळ अपुरा, तेव्हा यंत्राने घरे काढणे हाच मार्ग आहे, असे त्या काळी युरोप-अमेरिकेतही मानले जात होते आणि कोनिग्सबर्गर यांचा या कल्पनेवर मनापासून विश्वास होता. प्रत्यक्षात फलक अपेक्षेप्रमाणे टिकेनात, घरांची संख्या ठरलेल्या आकड्याच्या जवळपासही पोहोचेना आणि खर्च मात्र होत राहिला. वर्तमानपत्रांत आणि संसदेत टीका झाली. पुढे तो कारखाना वेगळ्या नावाने आणि वेगळ्या उत्पादनांवर चालू राहिला, पण निर्वासितांच्या घरांचा प्रश्न त्याने सोडवला नाही. १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर भारत सोडून लंडनला गेले.

एखाद्या तज्ज्ञाने इथे वातावरणाला, कंत्राटदाराला किंवा राजकारण्यांना दोष देऊन विषय मिटवला असता. कोनिग्सबर्गर यांच्या नंतरच्या लिखाणात आणि सल्ल्यात मला वेगळी गोष्ट दिसते. ज्या देशात मजूर भरपूर आहेत, गवंडीकाम जाणणारे हात आहेत, माती-विटा जवळ आहेत, पण सिमेंट, पोलाद, वाहतूक आणि रोकड तुटपुंजी आहे, तिथे नेमक्या तुटपुंज्या गोष्टींवर उभी राहणारी योजना आखणे ही मूळ चूक होती, हे त्यांनी स्वीकारले आणि त्यावर पुढचे काम उभे केले.

त्याचा पुरावा गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, मिळतो. १९५४-५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने तिथल्या गृहनिर्माणाचा अभ्यास करायला तिघांना पाठवले: अमेरिकेचे चार्ल्स अब्राम्स, फ्रान्सचे व्लादिमीर बोदियान्स्की आणि कोनिग्सबर्गर. तिथे एका डच कंपनीची कारखान्यात बनणारी घरे घेण्याचा विचार चालू होता. दिल्लीचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला त्या कागदांत काय वाचायचे हे ठाऊक असणार. ती घरे देशाला परवडणारी नाहीत, असा सल्ला या तिघांच्या मंडळाने दिला. मग त्यांनी खेड्यांत लोक घर कसे बांधतात ते पाहिले. मातीच्या भिंती लोक स्वतः, शेजाऱ्यांच्या मदतीने उभ्या करत होते. अडत होते ते छपरापाशी, कारण पत्रा आणि चांगले लाकूड रोख पैशाशिवाय मिळत नाही. छप्पर नसलेल्या भिंती पावसात विरघळत आणि पुढच्या वर्षी कुटुंब पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. म्हणून त्यांनी सुचवले की सरकारने पूर्ण घर देऊ नये, गावाच्या गृहनिर्माण सोसायटीमार्फत छपरासाठी कर्ज द्यावे, आणि भिंती उभ्या झाल्याचे पाहूनच ते द्यावे. ‘छप्पर-कर्ज योजना’ या नावाने ती पुढे राबवली गेली आणि स्वयंगृहनिर्माणाच्या, म्हणजे लोकांनी आपले घर स्वतः बांधण्याच्या, इतिहासात तिला मोठे स्थान आहे.

या योजनेतली सूक्ष्म जागा लक्षात घ्यावी. सरकारचा मोजका पैसा नेमका तिथे लावला आहे जिथे कुटुंबाची साखळी तुटते. उरलेले सगळे लोक करतातच, त्यात सरकारने हात घालायचा नाही. मी मराठवाड्यात घरकुल योजनांच्या पाहणीला जायचो तेव्हा जोत्यापर्यंत किंवा खिडकीच्या पट्टीपर्यंत येऊन थांबलेली कितीतरी घरे पाहिली. हप्ता पडण्याची वेळ आणि घरातले पैसे संपण्याची वेळ जुळत नसे. एका गावात एका बाईंनी भिंतींवर ज्वारीची ताटे अंथरून त्यावर प्लास्टिकचा कागद टाकला होता आणि पहिल्या वळवाच्या पावसाआधी पत्रे येतील का, एवढेच त्या विचारत होत्या. त्या वेळी मला गोल्ड कोस्टच्या अहवालाची आठवण झाली होती.

१९६३ मध्ये कोनिग्सबर्गर आणि अब्राम्स, जपानचे सुसुमु कोबे यांच्यासह, संयुक्त राष्ट्रसंघाच्याच वतीने सिंगापूरला गेले. तिथे १९५८ चा, ब्रिटिश पद्धतीचा मास्टर प्लॅन अस्तित्वात होता. संथ वाढणाऱ्या, स्थिर शहरासाठी तो ठीक होता. सिंगापूरची लोकसंख्या मात्र झपाट्याने वाढत होती, झोपड्या दाट होत होत्या आणि तीन वर्षांपूर्वी स्थापन झालेले गृहनिर्माण मंडळ वेगाने घरे बांधू लागले होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या या तिघांनी सांगितले की प्रत्येक भूखंडाचा वापर वीस वर्षांसाठी रंगवून ठेवणारा नकाशा अशा शहरात उपयोगाचा नाही. त्याऐवजी शहराची दिशा सांगणारी एक ढोबळ संकल्पना ठेवावी आणि तिच्या आत रस्ता, पाणी, घरे, उद्योग, वाहतूक यांचे ठरावीक मुदतीचे, पैशाची आणि जबाबदार खात्याची नोंद असलेले कृती-कार्यक्रम चालवावेत. शहराच्या मधोमध असलेल्या पाणलोट क्षेत्राभोवती वसाहतींचे कडे, अशी त्यांची संकल्पना होती. १९७१ च्या सिंगापूरच्या संकल्पना आराखड्यात तिचा ठसा स्पष्ट दिसतो. १९६४ मध्ये कोनिग्सबर्गर यांनी ‘कृती-नियोजन’ या शीर्षकाचा निबंध लिहून हाच विचार मांडला.

नियोजनकाराला हे वाचताना कसे वाटते, ते आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. मुंबईचा १९८१ ते २००१ या काळासाठीचा सुधारित विकास आराखडा टप्प्याटप्प्याने मंजूर झाला तो १९९१ ते १९९४ च्या दरम्यान. ज्या काळासाठी आखला त्या काळाचा अर्धा भाग मंजुरीतच गेला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्याच्या कलम १२७ प्रमाणे मैदान, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी आराखड्यात आरक्षित केलेली जमीन दहा वर्षांत घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीतही काही झाले नाही तर आरक्षण रद्द होते. नगरपालिकेकडे भूसंपादनाचा पैसा नसतो, म्हणून दहा वर्षे उलटतात. मधल्या काळात त्या जमिनीवर काय होते?

मी एका मध्यम शहराच्या विद्यमान जमीनवापर नकाशासाठी पायी फिरलो होतो. गावठाणाच्या उत्तरेला ज्वारीचे एक मोकळे रान होते आणि आराखड्यात तिथे आम्ही खेळाचे मैदान दाखवले. हिरवा रंग मी स्वतः भरला होता. सूचना-हरकती, सुनावण्या, शासनाकडे प्रस्ताव, फेरबदल असे करत आराखडा मंजूर होऊन आला तेव्हा मी त्याच जागी पुन्हा गेलो. गुंठेवारीचे प्लॉट पडून पत्र्याची घरे उभी होती, एक पिठाची गिरणी चालू होती आणि हातपंपावर बायका पाणी भरत होत्या. त्यातल्या एका आजोबांनी मला स्टॅम्प पेपरवरचा खरेदीचा कागद दाखवला आणि विचारले, “साहेब, नकाशात आमचं घर हिरवं का आहे?” मी उत्तर देऊ शकलो नाही. त्या रात्री मी कोनिग्सबर्गर यांचा तो निबंध पुन्हा वाचला. पूर्वी मला तो केवळ पद्धतीविषयीचा वाटला होता.

तरी सिंगापूरचे उदाहरण देताना मी विद्यार्थ्यांना नेहमी सावध करतो. कृती-नियोजन चालते ते एकच सत्ता, मजबूत खजिना आणि जमीन सहज हाती येण्याची सोय यांच्या जोरावर. सिंगापूरने १९६६ मध्ये भूसंपादनाचा कायदा करून ही सोय करून घेतली. आपल्याकडे महापालिका, प्राधिकरण, गृहनिर्माण मंडळ, महामंडळ आणि रेल्वे अशी पाच-सहा खाती एकाच रस्त्यावर हक्क सांगतात, आणि नागरिकाला हरकत घेण्याचा अधिकार आहे, जो असलाच पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की १९६३ च्या त्या तिघांनी जुन्या वस्तीसाठी जतन, दुरुस्ती आणि नवबांधणी असे तिन्ही मार्ग सुचवले होते. पुढची दोन दशके सिंगापूरने तिसराच मार्ग मुख्य मानला आणि जुने विभाग पाडले. जतनाचे क्षेत्र अधिकृतपणे जाहीर होण्यास १९८९ उजाडले. सल्लागाराच्या अहवालातले सरकारला सोयीचे पान तेवढे उचलले जाते, हा या पेशातला कायमचा अनुभव आहे, आणि मला वाटते की कोनिग्सबर्गर यांनी कृती-नियोजनाच्या या बाजूवर आणखी लिहायला हवे होते. लोकांना निर्णयात कधी आणि कसे आणायचे, याचे उत्तर त्यांच्या मांडणीत अपुरे आहे. आपल्याकडे १९८५ पासून जागतिक बँकेच्या मदतीने मुंबईत चारकोपसारख्या ठिकाणी सेवांनी युक्त लहान भूखंड देऊन घर लोकांवर सोपवण्याचा जो प्रयोग झाला, तो मला गोल्ड कोस्टच्या विचाराच्या अधिक जवळचा वाटतो.

लंडनमधले त्यांचे काम शिकवण्याचे होते आणि माझ्या मते तेच सर्वांत टिकाऊ ठरले. १९५३ मध्ये आदेदोकुन आदेयेमी या नायजेरियन विद्यार्थ्याने आग्रह धरल्यामुळे लंडनला उष्ण कटिबंधातील वास्तुकलेवर एक परिषद झाली. इंग्लंडमध्ये शिकून नायजेरियात परतणाऱ्याला इंग्लंडच्या थंडीसाठीची घरे कशाला शिकवता, हा त्याचा साधा प्रश्न होता. त्यातून १९५४ मध्ये आर्किटेक्चरल असोसिएशनच्या शाळेत उष्ण कटिबंधीय वास्तुकलेचा विभाग निघाला आणि १९५७ पासून कोनिग्सबर्गर त्याचे प्रमुख झाले. पुढे घराबरोबर वस्ती, वस्तीबरोबर शहर आणि शहराबरोबर प्रशासन असा विषय वाढत गेला. १९७१ मध्ये हा विभाग युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये विकास नियोजन विभाग म्हणून गेला. तो आजही चालू आहे आणि आशिया-आफ्रिकेतील कितीतरी पालिकांत त्याचे विद्यार्थी काम करत आहेत. १९७६ मध्ये त्यांनी ‘हॅबिटॅट इंटरनॅशनल’ या नियतकालिकाची स्थापना केली. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ मध्ये सन्मानपत्र देऊन त्यांचा गौरव केला. ३ जानेवारी १९९९ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आता शेवटी एक अगदी हाताने करून पाहण्याजोगी गोष्ट. कोनिग्सबर्गर, कार्ल माहोनी आणि मार्टिन इव्हान्स यांनी संयुक्त राष्ट्रसंघासाठी १९७१ मध्ये हवामान आणि घर यांवर एक पुस्तिका लिहिली आणि तिच्यातली कोष्टके ‘माहोनी कोष्टके’ म्हणून ओळखली जातात. बारा महिन्यांचे कमाल-किमान तापमान, सकाळ-दुपारची आर्द्रता, पाऊस आणि वाऱ्याची दिशा एवढ्या नोंदी भरायच्या. मग दिवस उष्ण की सोसवेल असा, रात्र उष्ण की सोसवेल अशी, हे महिन्यागणिक ठरते आणि त्यातून वारा हवा, भिंत जाड हवी, पावसापासून आडोसा हवा, रात्री बाहेर झोपण्याची जागा हवी, असे सल्ले निघतात. संगणक नको, पेन्सिल पुरते. ज्या गावात वास्तुविशारद कधी पोहोचणार नाही, तिथल्या ओव्हरसिअरलाही हे जमावे, म्हणूनच ते असे साधे केले आहे.

मी प्रशिक्षणवर्गांत नागपूर आणि रत्नागिरी ही दोन ठिकाणे घेऊन ते भरायला देत असे. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत कोष्टक सांगते की भिंत इतकी जाड असावी की दुपारची उष्णता आत पोहोचायला आठ तासांहून अधिक लागावेत, आणि रात्री उघड्यावर झोपण्याची सोय ठेवावी. वऱ्हाडातल्या मुली हे वाचून हसायच्या, कारण त्यांच्या घरी उन्हाळ्यात खाटा अंगणात आणि गच्चीवर जातातच. जुलै-ऑगस्ट येताच तेच नागपूर वारा आणि आडोसा मागू लागते. रत्नागिरीत दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक नाही, त्यामुळे जाड भिंतीचा उपयोग नाही आणि वारा मिळावा म्हणून घरे विरळ हवीत, असे उत्तर येते. एकाच राज्यात एकच नमुना-घर मंजूर करणाऱ्या शासकीय परिपत्रकाला दुसऱ्या कोणत्या पुराव्याची गरज उरत नाही, असे मला वाटते.

तेव्हा विद्यार्थिनीला माझे सांगणे असे की, तुझ्या गावाला सर्वांत जवळ असलेल्या वेधशाळेतून गेल्या काही वर्षांच्या सरासरीचे आकडे मिळव, कोष्टक स्वतःच्या हाताने भर, आणि मग नगरपालिकेत जाऊन तिथल्या घरकुलाचा मंजूर नकाशा त्याच्या शेजारी ठेव. त्यानंतर मुख्याधिकाऱ्यांकडून मागच्या तीन वर्षांचे अंदाजपत्रक मागून घे आणि तुमच्या विकास आराखड्यातली किती आरक्षणे त्या पैशात ताब्यात येतील, याचा हिशेब कर.